काढा, झाडपाला आणि साथीचे आजार: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सक्करदऱ्याकडे माझं मेडिकल स्टोअर आहे, २२ वर्षं झाली. जुलै लागला की दुकानात ठरलेलं चित्र असतं, कोणी डेंग्यूचा रिपोर्ट हातात घेऊन पपईच्या पानाचा रस मागतं, कोणी कावीळ झालेल्या पोराला आधी गावाकडच्या वैदूला दाखवून मग आमच्याकडे ग्लुकोज पावडर घ्यायला येतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा काढा तर जवळपास प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतोच. प्रश्न तेच ते असतात आणि गर्दीत दोन मिनिटांत नीट उत्तर देणं होत नाही, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे वाचून कोणी स्वतःचं औषध स्वतः ठरवू नका, पण कशात वेळ घालवला तर चालेल आणि कशात बिलकुल चालणार नाही एवढं यातून कळावं असं वाटते.

प्र. नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट तर नसणारच ना?

बिब्बा नैसर्गिकच आहे, तो अंगाला लागला की कसे फोड येतात हे आपल्या विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. धोतरा नैसर्गिक, कण्हेर नैसर्गिक. झाडातून आलं की कारखान्यातून आलं यावरून बाधेल की नाही हे ठरत नाही, पोटात किती गेलं आणि जाऊन काय केलं यावर ठरतं. आणि एखादी गोष्ट जंतू मारण्याइतकी जोरदार असेल तर ती आपल्या लिव्हरला काहीच करणार नाही असं कसं धरायचं? कडुलिंबाचं तेल लहान बाळाला तोंडाने पाजल्यामुळे फिट येऊन पोरं दगावल्याच्या नोंदी डॉक्टरी पुस्तकांत आहेत. पाला आंघोळीच्या पाण्यात टाकणं वेगळं, तेल पाजणं वेगळं.

प्र. पण डॉक्टरची औषधं म्हणजे सगळी केमिकलच ना?

नाही, आणि हे मला मनापासून सांगावंसं वाटते कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पेनिसिलिन बुरशीचं आहे, १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगला जंतूंच्या बशीत उगवलेल्या बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मेलेले दिसले तिथून ते सुरू झालं, आणि आपल्या पिंपरीला १९५४ मध्ये सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला तो पेनिसिलिन इथेच बनावं म्हणूनच. टीबीवरचं पहिलं खरं औषध स्ट्रेप्टोमायसिन, ते १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन यांच्या लॅबमध्ये आल्बर्ट शाट्झ नावाच्या तरुणानं शोधलं, शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून. त्या जिवाच्या खानदानाला स्ट्रेप्टोमायसिस म्हणतात. उन्हाळा संपता संपता नागपुरात पहिली सर येते आणि जो मातीचा वास सुटतो ना, तो वास बनवणारे हेच, म्हणजे ज्या मातीचा वास आपण छाती भरून घेतो त्याच मातीतून टीबीची, टायफसची, कितीतरी आजारांची औषधं निघाली. रिफाम्पिसिन, टीबीच्या कोर्समधली ती लाल कॅप्सूल जिच्यामुळे लघवी नारंगी होते, तिची सुरुवात १९५७ मध्ये फ्रान्सच्या एका पाईनच्या जंगलातून आणलेल्या मातीपासून झाली.

मग फरक काय राहिला? फरक मोजण्याचा. मातीतलं, सालीतलं नेमकं काम करणारं द्रव्य वेगळं काढलं, किती मिलिग्रॅम दिलं की जंतू मरतो आणि माणूस सुरक्षित राहतो हे बघितलं, मग शेकडो पेशंटवर अर्ध्यांना हे आणि अर्ध्यांना दुसरं देऊन तपासलं. हे सगळं झालं की त्याला गोळीचं रूप येतं आणि मग लोक म्हणतात केमिकल आहे.

प्र. हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला येतात, त्या न घेता काही घरगुती चालेल का? आम्हाला तर आजार पण नाही.

घ्या हो त्या गोळ्या. नागपूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो, आणि तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत देशात ज्या जिल्ह्यांत सगळ्यात आधी सुरू झाली त्यात आपला जिल्हा होता, जानेवारी २०१९ मध्ये. त्या तीनपैकी आयव्हरमेक्टिन हे जपानमध्ये एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतून सापडलेल्या जिवापासून आलं, सातोशी ओमुरा यांनी ती माती गोळा केली होती, त्यांना आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. दुसरं डीईसी, ते अमेरिकेत लेडर्ले कंपनीत ज्यांच्या हाताखाली बनलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातले, आपलाच माणूस. तिसरी अल्बेंडाझोल, जंताची गोळी, ती तर सगळ्यांना माहीत आहे.

आजार नाही म्हणता पण हत्तीपायाचे जंतू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतात आणि पाय सुजला की मग मागे फिरता येत नाही. कोणताही काढा, कोणताही लेप सुजलेला पाय पूर्ववत करत नाही. गोळी घेतल्यावर थोडा ताप, चक्कर आली तर घाबरू नका, बरेचदा अंगातले जंतू मरून राहिले असतात म्हणून तसं होतं. गरोदर बाया, दोन वर्षांखालची लेकरं आणि फार आजारी माणसं यांना देत नाहीत, ते घरी येणाऱ्या ताईला सांगा. पुडी खिशात टाकून नंतर घेतो म्हणू नका, जेवण करून तिच्यासमोरच घ्या.

प्र. मलेरियाला भुईनिंबाचा नाहीतर सातवीणीच्या सालीचा काढा चालतो का? जुने लोक तर तेच घेत होते.

जुने लोक कोयनेल पण घेत होते, आणि कोयनेल म्हणजे सिंकोनाची सालच. दक्षिण अमेरिकेतलं झाड, १८२० मध्ये पॅरिसच्या दोघा फार्मासिस्टांनी, पेल्तिए आणि कावांतू, त्यातून क्विनाइन वेगळं काढलं, पुढे इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाचे मळे लावले. म्हणजे सालीनं मलेरिया बरा होतो यात खोटं काही नाही, पण त्याच सालीनं, आणि नेमक्या डोसमध्ये. कडू आहे म्हणून तापावर चालेल हा हिशोब चुकतो, जगात कडू झाडं हजारो आहेत.

दुसरी गोष्ट मला फार आवडते, चीनच्या तू यूयू बाईंची. १९६७ मध्ये तिकडे मलेरियावर औषध शोधायचं गुप्त काम निघालं, या बाईंनी जुन्या वैद्यकाचे ग्रंथ चाळले, किंगहाओ नावाच्या झुडपाचा अर्क काढून बघितला, तर कधी चालायचा कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात त्यांना एक ओळ दिसली, मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्या. भिजवून, उकळून नाही. त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेनं गुण जातो आहे, मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरून अर्क काढला आणि तो चालला, माणसांवर द्यायच्या आधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. आर्टेमिसिनिन ते हेच, २०१५ च्या नोबेलमध्ये अर्धा वाटा त्यांचा. आता विचार करा, आपण घरी प्रत्येक पाला खळखळ उकळतो, त्यात काय टिकलं आणि काय उडालं हे कोणी मोजलं? आणि खुद्द त्या झुडपाचा चहा पण घेऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यात औषध कमी आणि प्रत्येक वेळी वेगळं उतरतं, ताप दबतो आणि परजीवी तसाच राहतो.

गडचिरोलीकडून येणारे पेशंट आम्ही मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात बघतो, फाल्सिपेरम मलेरिया मेंदूत गेला की माणूस बेशुद्ध होतो, दोन दिवस काढ्यात घालवायचा हा आजार नाही. बोटाला टोचून रॅपिड टेस्ट १५-२० मिनिटांत होते, गावात आशाताईकडे पण असते, फुकट. आणि व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार निघाला तर तीन दिवसांत ताप उतरल्यावर १४ दिवसांचा प्रायमाक्विनचा कोर्स अर्धा सोडू नका, लिव्हरमध्ये लपलेला मलेरिया त्यानंच जातो. तो सोडला की दोन महिन्यांनी तोच पेशंट परत ताप घेऊन दुकानात उभा, हे मी दरवर्षी बघतो.

प्र. डेंग्यूत पपईच्या पानाचा रस द्यायचा की नाही? डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत.

डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत कारण उत्तर खरंच मधलं आहे. भारतात यावर काही अभ्यास झाले, बरेचसे लहान, त्यातल्या काहींत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण माणूस वाचण्याचं प्रमाण वाढलं असं कोणी दाखवलेलं नाही. आणि मुळात डेंग्यूत माणूस जातो तो नुसत्या प्लेटलेटनं नाही, रक्तवाहिन्यांतून पातळ भाग बाहेर झिरपतो, बीपी पडतं, त्यानं जातो. घरातले सगळे मात्र प्लेटलेटचा आकडा धरून बसतात, सकाळी ८० हजार, संध्याकाळी ६० हजार, आणि पेशंट लघवीला किती वेळा गेला हे कोणालाच माहीत नसतं.

ताप उतरतो तो दिवस सगळ्यात धोक्याचा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. एका कॉलेजच्या पोराचं सांगतो, आमच्याच गल्लीतला, पाचव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना वाटलं रसानं गुण आला, सलाईन नको म्हणाले, संध्याकाळी पोट दुखून राहिलं म्हणून तो कण्हत होता तर त्याच्या आईनं परत रसच पाजला, त्यानं उलट्या सुरू झाल्या. रात्री दहाला मी आणि त्याचा काका गाडीवर मध्ये बसवून त्याला घेऊन गेलो. वाचला. डॉक्टर म्हणाले चार तास उशीर केला असता तर सांगता आलं नसतं.

म्हणून पोट खूप दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी संडास, हातपाय गार पडणं, पेशंट एकदम सुस्त नाहीतर बेचैन होणं, यातलं एक जरी दिसलं तरी हातातला रसाचा ग्लास खाली ठेवा आणि निघा. पाणी, ओआरएस, ताक, नारळपाणी देत रहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे बिलकुल नको, त्यानं रक्तस्राव वाढतो. बकरीचं दूध आणि कीवी यासाठी साथीत लोक वाट्टेल तो भाव देतात, तो पैसा रक्ताच्या टेस्टला ठेवा.

प्र. कूलरच्या टाकीत कडुलिंबाचा पाला टाकला तर डास होत नाहीत म्हणे?

पाला टाकून टाकी आठवडाभर तशीच ठेवत असाल तर होतील. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वर, टाकीच्या कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. आपलं शहर म्हणजे घराघरात कूलर, त्यामुळे हे आपल्याला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त लागू आहे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून ब्रशनं कडा घासा, आणि पावसाळा लागला की कूलर कोरडा करून, पुसून, वाळ्याच्या ताट्या काढून ठेवा. विहीर, मोठं टाकं, कारंजं असेल तर गप्पी मासे सोडा, हा नैसर्गिक उपाय मात्र शंभर टक्के कामाचा आहे.

प्र. काविळीला तर ॲलोपथीत औषधच नाही, मग गावठी औषध घेतलं तर काय बिघडलं?

याच एका वाक्यामुळे माझा मोठा मामा गेला म्हणून इथे थोडं लांब लिहितो.

कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे, जसा ताप. खराब पाण्यातून होणारी हेपेटायटिस ए आणि ई ही बहुतेकांना चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, विश्रांती, साधं जेवण, पाणी आणि दारू बंद एवढंच लागतं. आता जो आजार स्वतःच बरा होणार आहे त्यात कोणी माळ घातली, कोणी नाकात थेंब टाकले, कोणी झाडपाल्याची पुडी दिली, तर सगळेच यशस्वी. चुन्याच्या पाण्यानं हात धुतले की पाणी पिवळं होतं, कावीळ उतरली म्हणतात, पण आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून मग चुना लावला तर निरोगी माणसाच्या हातांचं पाणीपण पिवळंच होतं, घरी करून बघा. माळ लांब होते कारण ओल्या देठाचे तुकडे वाळून आकसतात आणि गाठी सैल पडतात. आणि नाकात जी कुकडवेल टाकतात, देवडांगरी म्हणतात तिला काही ठिकाणी, तिच्या रसानं नाकाची आतली कातडी अक्षरशः सोलून निघते आणि पिवळं पाणी वाहतं. ती कावीळ नसते, ती जखम असते.

मामाला हेपेटायटिस बी होता. हा रक्तातून, सुईतून, संबंधातून, आईकडून बाळाला जातो, आणि काही जणांत वर्षानुवर्षं राहून लिव्हर खराब करतो. दर वर्षी डोळे थोडे पिवळे व्हायचे, दर वर्षी तो एकाच माणसाकडे थेंब घ्यायला जायचा, १५-२० दिवसांत बरं वाटायचं. सहा वर्षांनी पोटात पाणी भरलं तेव्हा सोनोग्राफी केली, तोवर सिरॉसिस झाला होता. मी तेव्हा बी फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सगळं पुस्तकात वाचत होतो आणि मामाला एकदा पण म्हटलं नाही की एचबीएसएजी करून घे. हेपेटायटिस बी ओळखायची साधी रक्ताची टेस्ट आहे.

भुईआवळीचं नेहमी विचारतात, तर तिची खरी गोष्ट अशी आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी हेपेटायटिस बी असलेल्या लोकांना भुईआवळी देऊन बघितली आणि लॅन्सेटमध्ये छापलं की ५९ टक्के लोकांच्या रक्तातून तो विषाणूचा अंश गेला, दुसऱ्या गटात फक्त ४ टक्के. सगळ्या जगात आशा वाढली. मग ठिकठिकाणी तेच करून पाहिलं आणि तसा गुण परत कोणाला दिसला नाही. मला त्या डॉक्टरांबद्दल आदरच आहे, त्यांनी मोजलं म्हणून तर पुढच्यांना तपासता आलं. पण म्हणून आज भुईआवळीच्या भरवशावर बी सोडून देता येत नाही. आज बी दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये पूर्ण जातो, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. "औषधच नाही" हे वाक्य जुनं झालं.

गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवस पण थांबू नका, शेवटच्या तीन महिन्यांत हेपेटायटिस ई फार घातक असतो.

प्र. कोरोनापासून रोज गुळवेल घेतो, इम्युनिटीसाठी. चालू ठेवू?

रोज, महिनोन्महिने, कोणाला न विचारता, नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंट छापले ज्यांचं लिव्हर गुळवेल घेता घेता सुजलं होतं, नंतर इतर शहरांतूनही असे पेशंट नोंदले गेले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. आता यात खरं कोणतंही धरा, बाजारातून आणलेली वाळकी कांडी नेमकी कोणत्या वेलीची आहे हे तुम्ही ओळखू शकता का? मी नाही ओळखू शकत, आणि माझं शिक्षण त्यातलंच आहे. थायरॉइड, सोरायसिस, संधिवात असे शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार असतील तर जास्तच सांभाळा. आणि टीबीची औषधं चालू असताना तर बिलकुल नाही, त्या गोळ्यांचा लिव्हरवर आधीच ताण असतो.

प्र. स्क्रब टायफसला काही पाला?

नाही. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडे साथ आली होती, लोक दगावले. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो, काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसते, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही. ताप असलेल्या माणसाचे कपडे काढून ती शोधा आणि डॉक्टरला दाखवा. डॉक्सीसायक्लिन वेळेवर सुरू झालं की बहुतेकदा दोन दिवसांत ताप उतरतो, आणि ते घराणंपण मूळचं मातीतलंच.

प्र. अंगावर फिकट चट्टा आहे, बधिर लागतो. कडू कवठाचं तेल लावायला सांगितलं कोणीतरी.

तेल लावायच्या आधी आजच तपासून घ्या, कुष्ठरोग असू शकतो, आणि लवकर कळला तर काहीही न बिघडता बरा होतो. ज्यानं तेल सांगितलं तो खोटं बोलला नाही, फक्त ८० वर्षं मागे आहे. कडू कवठ आणि त्याच्या जातीतलं चौलमुग्रा यांचं तेल हेच एके काळी कुष्ठरोगावरचं जगातलं मुख्य औषध होतं. पिता येत नव्हतं इतकी मळमळ व्हायची, टोचलं तर गाठी यायच्या. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाच्या २३ वर्षांच्या मुलीनं ते टोचता येईल असं करून दाखवलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, या कामाची सुरुवात झाली तेव्हा कुष्ठरोग्याला घरातून, गावातून काढून देत होते. ज्या विदर्भानं हे पाहिलं तिथे आज कोणी चट्टा लपवून तेल चोळत बसतं याचं मला फार वाईट वाटतं.

आज तीन औषधांचा कोर्स आहे, सहा महिने किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. त्यातलं रिफाम्पिसिन मातीतून आलेलं हे वर सांगितलंच, आणि क्लोफाझिमिन, ते डब्लिनच्या संशोधकांना लायकेनमधल्या द्रव्यांवर काम करता करता सापडत गेलं. लायकेन म्हणजे आपल्या सावजी मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं ते. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळपास राहत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

प्र. लसणानं, हळदीनं जंतू मरतात हे तर सायन्सनं सिद्ध केलं आहे ना?

काचेच्या बशीत, हो. लसणातलं ॲलिसिन १९४४ मध्येच वेगळं काढलं होतं आणि ते बशीत जंतू मारतं. पण बशीत मीठ टाकलं, साबण टाकला, व्हिनेगर टाकलं तरी जंतू मरतात. प्रश्न असा आहे की तुम्ही खाल्लेला लसूण पोटातून पचून, रक्तात मिसळून, फुप्फुसातल्या जंतूपर्यंत पुरेसा पोचतो का. हळदीतलं कर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात जेमतेम जातं. भाजीत घाला, दुधात घाला, वायगावची मिळाली तर फारच उत्तम, पण निमोनियाला हळद-दूध हे औषध नाही.

हळदीचं पेटंट आपण अमेरिकेकडून परत मिळवलं हे मला लोक आठवणीनं सांगतात. १९९५ ला दिलेलं ते पेटंट सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, माशेलकर सरांच्या काळात. पण ती लढाई "हा वापर नवा नाही, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे" यावर जिंकली, हळदीनं कोणता आजार किती बरा होतो हा प्रश्न तिथे नव्हताच.

प्र. जखमेवर मध लावला तर?

मधात खरंच दम आहे. तो पाणी ओढून घेतो, आंबट असतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जंतूंना तिथे जगणं कठीण जातं. दवाखान्यात वापरतात तो मात्र निर्जंतुक केलेला असतो, बाजारातल्या बाटलीतला नाही. खरचटलं, जरासं कापलं तर ठीक. शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेवर मध, हळद, कोरफड, कशाचाच प्रयोग नको, आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा अंगठा त्यात गेला. खोकल्याला चमचाभर मध चांगला, पण एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचासुद्धा नाही, बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

प्र. कुत्रं चावलं, घरच्यांनी तिखट भरलं जखमेत. आता?

आता लगेच नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि मेयो, मेडिकल ही सरकारी हॉस्पिटलं नाहीतर मनपाचा दवाखाना, जे जवळ असेल तिथे जा. तिखट, चुना, तेल, हळद कशानं रेबीज जात नाही, उलट जखम चिघळते. रेबीजची लक्षणं दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही, आणि लस वेळेवर, ठरलेल्या सगळ्या तारखांना घेतली तर जवळपास सगळे वाचतात. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इंजेक्शन वेगळं असतं, ते विचारून घ्या. या एका प्रश्नाला मी दुकान सोडून माणसासोबत गेलेलो आहे.

प्र. हगवणीला घरचा उपाय?

इथे घरचा उपायच पहिला. १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. साखर आतड्यातून आत जाताना सोबत मीठ नेते आणि मिठामागे पाणी जातं, एवढीच युक्ती. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये असं पाणी भरून नातेवाइकांच्या हातात दिलं आणि पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. भाताची पेज मीठ घालून पण चांगली. लेकरांना सोबत १४ दिवस झिंक. संडासातून रक्त, आठ तास लघवी नाही, डोळे आत गेले, तर दवाखाना.

प्र. रोज संत्री खाल्ली तर सर्दी होत नाही?

होते. रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांची थोडी लवकर बरी होते एवढंच दिसलं आहे. संत्री तरी खाच, आपल्याकडची आहे.

प्र. म्हणजे तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात?

माझी आजी उमरेडकडची, अर्ध्या गावाला औषधी द्यायची, तिच्या हाताखाली मी झाडं ओळखायला शिकलो, विरोधात कसा असेन. सक्करदऱ्यालाच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या वैद्यांकडे मी स्वतः माणसं पाठवतो. माझा राग त्या पुडीवर आहे जिच्यावर नाव नाही, बॅच नंबर नाही, आणि देणारा म्हणतो शंभर टक्के गॅरंटी. अशा पुड्यांमध्ये कधी स्टेरॉइड कुटून घातलेलं निघतं, म्हणून दमा, सांधेदुखी, ताप दोन दिवसांत गायब होतो आणि टीबीसारखा आजार आतल्या आत पसरतो. काही ठरावीक आजार हमखास बरे करतो अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. जे काही घेता ते डॉक्टरला सांगा, लाजू नका, पुडी सोबत घेऊन जा.

प्र. खोकल्याला अडुळशाचा काढा चालेल का? आईला तीन आठवडे झाले.

अडुळसा चांगलाच आहे, त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन बनलं आणि आज बऱ्याच कफ सिरपमध्ये ते किंवा त्याचं भावंड असतं. म्हणजे आजीला जे ठाऊक होतं तेच बाटलीत आलं. पण ते कफ पातळ करतं, टीबीचा जंतू मारत नाही. तीन आठवडे म्हणजे आधीच उशीर झाला आहे, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकीची तपासणी करायचीच. उद्या सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून जो बेडका येईल तो डबीत घ्यायचा, नुसती लाळ नको. डबी जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळते, तपासणीला पैसे लागत नाहीत, टीबी निघाला तर औषधं पण फुकट आणि पोषणासाठी महिन्याला खात्यात पैसे जमा होतात. काढा हवा तर चालू राहू द्या, पण डबी आजच घेऊन या.